अण्णांचे सुटे शब्द

९ जानेवारी

अण्णा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. मागच्या खेपेला लिहिलं होतं, तर त्या एका शब्दात तुम्ही दोन चुका काढल्यात, खालच्या मजकुरात आणखी पंधरा, आणि लाल शाईने रंगवलेलं माझंच पत्र मला उलट टपाली धाडलंत. तळाशी ‘पुन्हा लिही’. मी त्यात कळवलं होतं की माझा हात भाजलाय. त्यावर तुमचं म्हणणं एवढंच, की बोलताना ‘भाजलाय’ चालतं, लिहिताना ‘भाजला आहे’ असं लिहावं. म्हटलं, बरं. मग चार वर्षं लिहिलंच नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

हात केव्हाच बरा झाला.

आज लिहितोय कारण ताईची चिठ्ठी आली. चार ओळी. ‘अण्णांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं गेलं, नुसते सुटे शब्द येतात. तुला कळवायला हवं म्हणून कळवलं.’ ये असं तिने म्हटलेलं नाही. येऊ नकोस असंही नाही. तुमचीच मुलगी, जास्तीचा शब्द हातून सुटत नाही. मी पाकीट उलटंपालटं करून बघितलं, आत आणखी काही चिकटून राहिलंय का म्हणून.

ती तुम्हाला हे वाचून दाखवेल असं धरून चाललोय. ताई, दाखव गं.

मी धुलाईच्या कारखान्यात आहे, हात भाजला तोच. सात वर्षांतली ही चौथी जागा, आणि हिच्यातच टिकलो. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी येतात, ट्रॉल्या भरभरून. धुऊन पिळून झाल्या की ओल्याच मोठ्या इस्त्रीत घालायच्या. इस्त्री म्हणजे आपल्या पुढच्या खोलीएवढी, आत तीन तापलेले रोलर. एका बाजूने दोघं चादर सरकवतात, दुसऱ्या बाजूला दोघं धरतात. मी धरणारा. दोन कोपरे माझ्याकडे, दोन उंच्याकडे. मागे सरायचं, झटका द्यायचा, पुढे यायचं, त्याचे कोपरे माझ्या हातात, परत मागे. दिवसाला आठशे वेळा मी त्या माणसाच्या तोंडासमोर जाऊन येतो. लग्नाच्या बायकोलाही कुणी इतकं जवळून बघत नसेल.

उंच्या हे नाव मी ठेवलेलं. त्याची भाषा वेगळी, इथली तिसरीच, आम्ही दोघं इथली मोडकीतोडकी बोलतो. पण त्याला आपली भाषा शिकायची हौस आली आहे. म्हणतो, आठशे वेळा समोर येतोस, काहीतरी शिकव तरी. परवा म्हणाला, ‘घर म्हणजे काय ते कळलं. पण तू स्वतःशी बडबडताना कधी घरी म्हणतोस, कधी घरात, कधी घरचा, कधी घरून. तुमचं घर एका जागी उभं राहत नाही का?’

मी म्हटलं, ‘आमचं तर नाहीच राहिलं.’

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

तर अण्णा, त्याला विभक्ती कशा समजावायच्या? तक्ता नको, अर्थ हवा. घरी आणि घरात यांत फरक काय, असं विचारतो. मला काय येतंय? मी नापास माणूस, पस्तीसला तेहेतीस, आणि तेही तुमच्याच हातचे. हे लिहायचं नव्हतं. आता खोडत नाही, खाडाखोड तुम्हाला चालत नाही.

धाकटा


३ फेब्रुवारी

ताई,

तीन पानं! पाकीट हाताला जड लागलं. वाटलं, वाईट बातमी असणार, तीच एवढी लांबलचक असते.

तर अण्णा रोज सकाळी ‘चष्मा, खिडकी, काका’ म्हणतात. तू खिडकी उघडलीस तर डावा हात गादीवर आपटतात, लावलीस तरी आपटतात. शेजारच्या काकांना बोलावून आणलंस, तर ते तासभर स्वतःच्या गुडघ्यांचं रडगाणं गाऊन गेले आणि अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तू लिहिलंयस, ‘जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांची वाक्यं नीट केली त्यांचंच वाक्य लागत नाही.’ तिथे शाई फुटली आहे. कळलं मला.

थोडी हस. माझं सांगतो. इथे आलो त्या पहिल्या महिन्यात साबणाचं पाणी डोळ्यात गेलं. आग आग झाली. इथल्या भाषेतले तीन शब्द मला येत होते, तेवढेच ओरडलो: ‘मी! डोळा! साबण!’ सुपरवायझर बाई धावत आल्या आणि त्यांनी साबणाचा नवा डबा माझ्या हातात दिला. मी आणखी मोठ्याने ओरडलो. त्यांनी दुसरा दिला. दोन काखांत दोन डबे घेऊन मी आंधळ्यासारखा नाचतोय आणि सगळे कामगार हसतायत. शेवटी उंच्या आला. त्याने डब्याकडे बोट केलं, डोळ्याकडे केलं, मग बोट डोळ्यात खुपसायची खूण केली: असं? मी मान हलवली. त्याने माझं मुंडकं धरून नळाखाली घातलं.

माझ्याकडे शब्द होते गं. एकाला दुसऱ्याशी बांधणारं काही नव्हतं. साबण डोळ्याला हवाय की साबणाने डोळा चाललाय, कोणाला काय कळणार? अण्णांचं तेच झालंय. गाठी सुटल्यात, मणी सगळे जागच्या जागी असतील.

तर उंच्याने केलं तेच तू कर. शब्द त्यांचे, शेपटी तुझी. ‘खिडकी’ म्हणाले की लगेच उठून खिडकीकडे धावू नकोस. बस. विचार: खिडकीला? खिडकीतून? खिडकीत? एकेक, सावकाश, मध्ये थांबून. त्यांची मान हो म्हणून हलली की तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही. तेच त्यांना म्हणायचंय असं धरायचं.

विभक्तीचं वाचल्यावर ते डाव्या बाजूने हसले असं लिहिलंयस. नक्की हसले का? की तुला वाटलं?

माझं काही काढतात का? नसेल तर नाही म्हण, मला काही वाटणार नाही. पण काढतात का?


२६ फेब्रुवारी

अण्णा,

ताईने सगळं कळवलं. खिडकीला, नाही. खिडकीतून, नाही. खिडकीत, आणि तुमची मान हलली! चष्मा खिडकीत. ताईने बघितलं तर खरंच चष्मा खिडकीत. काका? काकांना? काकांचा? काकांनी? परत मान. काकांनी चष्मा खिडकीत ठेवला! ताई म्हणते, तिने तुमच्या गळ्यात हात टाकले आणि दोघं किती तरी वेळ तशीच बसला होतात. मी हे उंच्याला सांगितलं तर तो चादर सोडून टाळ्या वाजवायला लागला, आणि चादर गेली जमिनीवर. सुपरवायझर बाईंनी दोघांना झापलं. झापताना त्यांना कारण सांगितलं तर त्यासुद्धा म्हणाल्या, ‘मग आज माफ.’

आता आमच्या शिकवणीचं ऐका. ‘ला’वर गाडं अडलंय. मी त्याला म्हटलं, मुलाला मारलं, इथे द्वितीया. मुलाला दिलं, इथे चतुर्थी. तो म्हणाला, ‘थांब. मारायला आणि द्यायला तुमच्याकडे एकच शेपूट?’

‘एकच.’

‘मग त्या मुलाला कळायचं कसं?’

‘पुढचं ऐकेपर्यंत नाही कळत,’ मी म्हटलं. ‘कधी कधी ऐकूनही नाही.’

तुम्ही वर्गात म्हणायचात तेच मी त्याला सांगितलं, की प्रत्यय बघत बसू नका, नातं बघा. शब्द एकटा असतो तेव्हा तो कोणाचाच नसतो, वाक्यात आला की कोणाचा तरी होतो. उंच्या म्हणाला, तुझ्या बापाला डोकं आहे. मी म्हटलं, डोकंच आहे.

आणि ताई लिहिते, तुम्ही हल्ली ‘धाकटा’ म्हणता. दिवसातून पुष्कळदा. तिने विचारलं, धाकट्याला पत्र लिहू? तर मान हलवलीत. ते वाचून मी वाळवणीच्या खोलीत गेलो. तिथे इतकं गरम असतं की तोंड कशानेही ओलं असलं तरी कोणी विचारत नाही.

(ताई, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. फक्त तुला.

आईची आठवण येते. मी नापास झाल्यावर तिने अण्णांशी बोलणं टाकलं ते जाईपर्यंत. आठ वर्षं. ताट वाढायची, पण ‘यांना विचार भात हवा का’ असं तुला सांगायची, आणि तू घरात नसलीस तर भिंतीला. ‘पोटच्या पोराला दोन गुण सुटले नाहीत या माणसाच्या हातून’ हे मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं. मुख्याध्यापक घरी येऊन सांगून गेले होते, मास्तर, दोनच तर आहेत, द्या. आणि अण्णा म्हणाले होते, ‘माझा म्हणून देऊ?’ मी दाराआड उभा होतो. त्या दोन गुणांनी मी इथे येऊन पडलो.

तर आता त्यांना बोलता येतंय म्हणून म्हणतो. ते ‘धाकटा’ म्हणाले की तू नुसतं ‘पेपर’ म्हणून बघ. मग ‘दोन गुण’. मग ‘चूक’. मग विचार, कोणाची? अण्णांची? घाई करू नकोस, थांब मध्ये. मी काही वदवून घे म्हणत नाही. त्यांच्या मनात असेल आणि बाहेर येत नसेल, तर वाट करून दे, एवढंच.)


२० मार्च

अण्णा,

पोचलं. ताईचं पत्र काल पोचलं.

मी काय लिहू? तुम्ही ‘धाकटा’ म्हणालात, ताईने ‘पेपर’ म्हटलं, तुम्ही तिच्याकडे टक लावून बघितलंत. ‘दोन गुण’ म्हटल्यावर तुमचे डोळे भरले. मग तिने विचारलं, अण्णांची चूक झाली? तुम्ही मान हलवलीत. एकदा नाही, तीनदा, असं ती लिहिते. आणि धाकट्याला घरी बोलावू, असं विचारलं तेव्हा चौथ्यांदा.

मी ते पान घडी घालून खिशात ठेवलंय, कामात असलो की वरून हात लावून बघतो.

अण्णा, झालं ते झालं. मी मनात काही ठेवलेलं नाही. माणूस आहे, चुकतो. तुम्हीही तत्त्वाला धरून वागलात, दुसऱ्याच्या पोराच्या बाबतीत तसंच वागला असतात, मला ठाऊक आहे. आता तुम्हाला त्याचं ओझं नको. मी माफ केलंय. हे लिहिताना हात कसा हलका चालतोय बघा.

आज सकाळी सुपरवायझर बाईंकडे गेलो आणि काम सोडतो म्हणून लिहून दिलं. रजा नाही, कायमचंच. त्या म्हणाल्या, ‘नीट विचार कर. रोलरवरची जागा एकदा गेली की परत मिळत नाही, बाहेर माणसं रांग लावून आहेत.’ मी म्हटलं, ‘मला घरून बोलावणं आलंय.’ उंच्याने माझ्याकडे बघितलं आणि तुमच्या-माझ्या भाषेत म्हणाला, ‘घरून. पंचमी!’ सगळ्या कारखान्याला काही कळलं नाही, आम्ही दोघंच हसत होतो.

मे महिन्याच्या मध्यावर मोकळा होतो. येतो, आणि मग तुम्ही म्हणाल तो शब्द, मी लावीन तो प्रत्यय. आपण दोघं मिळून एक पुरा माणूस बोलू.

धाकटा


११ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचलं. मग परत वाचलं. मग उंच्याला तोंडी सांगितलं, कारण वाटलं, दुसऱ्या भाषेत सांगितलं तर काही वेगळं निघेल.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या. चांगलं केलंस आणलंस ते. तू त्यांना आपली रीत अभिमानाने दाखवलीस. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग अण्णांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, ‘तुमचं नाव खुर्ची आहे का?’ अण्णांनी हो म्हणून मान हलवली. ‘बाहेर बर्फ पडतोय का?’ ऊन होतं बाहेर, पडदा उघडा. मान हलवली. मग तुझ्याकडे बोट दाखवून, ‘ही तुमची आई का?’ आणि अण्णांनी तुझ्याकडे बघून, डाव्या बाजूने हसून, मान हलवली.

बाई म्हणाल्या, आवाज वर चढून थांबला की ते मान हलवतात. आपण काय विचारलं ते त्यांच्यापर्यंत पोचतंच असं नाही. पुढेही पोचेल असं त्या सांगत नाहीत.

मग तू चष्म्याचं लिहिलंस. चष्मा रोज खिडकीतच असतो, तूच ठेवतेस. ‘खिडकीला’ आणि ‘खिडकीतून’ याला त्यांनी नाही म्हटलंच नव्हतं, नुसते बघत होते. तिसऱ्याला मान हलली आणि तू थांबलीस, कारण मी थांब म्हटलं होतं. त्यानंतर म्हणे ते चटकन हलवायला लागले. तू खूश व्हायचीस ना.

पहिल्यांदा मला तुझाच राग आला. हे मला कळवायची काय गरज होती? मी इतक्या लांब होतो, मला काय कळणार होतं? पण ते जाऊ दे.

ताई, बाई नवख्या आहेत. अण्णांना परक्या बाईमाणसासमोर अवघडल्यासारखं होतं, तुला ठाऊक आहे. थट्टाही केली असेल त्यांनी. मास्तर माणूस, बाळबोध प्रश्न विचारल्यावर मुद्दाम उलटं उत्तर दिलं असेल. तू असं कर. घरात कोणी नसताना, त्यांचं खाणंपिणं झाल्यावर, उलटं विचार. ‘धाकट्याची चूक होती का?’ असं. याला ते नाही म्हणतील. मान नाही हलली तर आधीचं खरं. एकदाच विचार आणि लगेच कळव. चार ओळी पुरेत. दोनही पुरेत.


४ मे

अण्णा,

ताईने विचारलं. तुम्ही मान हलवलीत. तितकीच, तीनदा.

म्हणजे चूक तुमची, आणि चूक माझी, आणि तुमचं नाव खुर्ची. उंच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘माझी आजी शेवटी सगळ्यांना हो म्हणायची. जो येईल तो आपल्याला हवं ते विचारायचा आणि खूश होऊन जायचा.’ मी विचारलं, ‘तू काय विचारलंस?’ तो म्हणाला, ‘ते तुला कशाला?’ आणि चादर ओढली.

मी काय विचारलं ते मात्र तुमच्यासमोर आहे. तुमच्या तोंडी शब्द मी घातले, प्रत्यय मी लावले, कर्ता मी ठरवला, आणि मग तुम्हाला माफही मीच केलं. ते मागचं पत्र ताईने फाडून टाकावं. ‘माणूस आहे, चुकतो’ असं मी तुम्हाला लिहिलं. तुम्हाला.

ताई, आता पुढचं मोठ्याने वाच. तूही ऐक, कारण हे तुलाही ठाऊक नाही.

अण्णा, मला विभक्ती येत होत्या. सगळ्या. सकाळी पाणी भरताना तुम्ही म्हणवून घ्यायचात, झाड, झाडाला, झाडाने, झाडाहून. बादली भरेपर्यंत सप्तमी आली नाही तर दुसरी बादली. झोपेत उठवून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. उंच्याला कसं शिकवू म्हणून मी जानेवारीत विचारलं तेव्हा त्याला अर्ध्याहून जास्त शिकवून झालं होतं. नुसतं लिहायला काहीतरी हवं होतं.

नववीच्या त्या पेपरात विभक्तीचा प्रश्न मी सोडला. पाच गुणांचा. सोडला म्हणजे राहिला नाही, वेळ भरपूर होता. पाच ओळींची जागा कोरी ठेवली आणि त्यावर पट्टी धरून एक तिरकी रेघ मारली, म्हणजे तुम्हाला कळावं की हा प्रश्न राहिलेला नाही. आदल्या दिवशी तुम्ही भर वर्गात म्हणाला होतात, ‘हा पास झाला तर लोक म्हणतील बापाने केला.’ सगळी पोरं हसली. म्हटलं, बघू आता. येतंय हे यांना ठाऊक आहे, लिहिलेलं नाही हेही यांना दिसतंय. देतात का दोन गुण बघू. तुमची परीक्षा घेतली मी. तुम्ही कोऱ्या जागेला शून्य दिलंत, जे कोणालाही दिलं असतंत.

आणि मग तुम्ही गप्प बसलात, हे मला इतक्या वर्षांत सोसलेलं नाही. मुख्याध्यापकांसमोर गप्प. आई रडत होती, पोराला येत नव्हतं तर घरात शिकवायचं होतं म्हणत होती, तेव्हा गप्प. पेपर कपाटात होता. तो काढून, ही रेघ बघ तुझ्या लेकाची, एवढं म्हणायचं होतं. आठ वर्षं ती भिंतीशी बोलली आणि तुम्ही भिंतीकडून उत्तरं घेतलीत. ती गेली ती मला निर्दोष समजून. मी ते तसं राहू दिलं, आणि लांब निघून आलो, आणि लोकांना सांगत फिरलो की माझ्या बापाने मला नापास केलं. माझ्यासाठी गप्प राहिलात, की तुम्हाला घरातलं बाहेर काढणं आवडत नव्हतं म्हणून? हे मी तुम्ही धडधाकट होतात तेव्हा विचारायला हवं होतं. चार वर्षांपूर्वीच्या पत्रात तेच लिहायला बसलो होतो. भाजलेल्या हाताच्या ओळीवरच थांबलो.

आता वाचून दाखवल्यावर तुम्ही मान हलवाल. मी ती धरणार नाही.

कामाचं सांगतो. सुपरवायझर बाईंना विचारलं, लिहून दिलेलं परत घेता येईल का. म्हणाल्या, ‘तुझ्या जागेवर माणूस आला.’ बघितलं मी त्याला. चांगला आहे, कोपरे घट्ट धरतो. उंच्या त्याच्याशी अजून बोलत नाही, पण बोलेल. काल उंच्याने मला विचारलं, ‘तुला जायचंय कुठे?’ मी म्हटलं, ‘घरी.’ त्याने पुढे काही विचारलं नाही, विभक्तीसुद्धा नाही.

दुसरीकडे कुठे तरी निघून जावं असंही मनात आलं. एका जागी राहायची मला सवय नाही. पण ताईने लिहिलंय की तुमच्या अंगाखालची चादर तिला एकटीला बदलता येत नाही, तुम्हाला एका कुशीवर वळवून धरायला दुसरं माणूस लागतं, आणि काकांना रोज रोज बोलावता येत नाही. ते मला येतं. म्हणून येतो. त्यातून दुसरं काही निघेल असं मला वाटत नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका, म्हणजे तुम्हाला वाटत असेल तर.

ताई, सोळा तारखेला दुपारपर्यंत पोचेन. एक कर. शेजारचे काका येतील, आणखीही कोणी जमतील, आजाऱ्याच्या खोलीत शिरल्या शिरल्या सगळे विचारतात तसं तेही विचारतील. त्यांना आधीच बजावून ठेव आणि तूही लक्षात ठेव. मी दारात उभा राहिलो की माझ्याकडे बोट करून अण्णांना ‘ओळखलंत का’ असं कोणी विचारायचं नाही. ते हो म्हणतील.